बेचाळीस क्रोनर

आमचा बापू जर्मनीच्या विमानात बसला तेव्हा त्याच्या गळ्यात दोन वस्तू होत्या. एक जानवे आणि दुसरा बटवा. त्यांपैकी जानवे पहिल्याच हिवाळ्यात लोकरी गंजिफ्रॉकात गुंतून धुलाईच्या यंत्रात गेले, ते पुन्हा दिसले नाही. बटवा मात्र शेवटपर्यंत टिकला. जाड खाकी कापडाचा, मातोश्रींनी हाताने शिवलेला, आणि तोंडाला अशी काही नाडी की ती सोडायला खुद्द बापूला दोन मिनिटे लागत. ही दोन मिनिटे मुद्दाम ठेवलेली आहेत असे त्याचे म्हणणे होते. "पैसे काढायला वेळ लागला की निम्म्या वेळा माणसाचा विचार बदलतो."

बापू हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. तो सातारचा. शाळेच्या सहलीला जाताना इतर मुले खिडकीची जागा धरीत तेव्हा हा मास्तरांना परतीच्या एस.टी.ची वेळ विचारून घेई. तेव्हा वर्गाने एकमताने त्याला बापू करून टाकले, आणि तोही त्या पदाला जागला. चोविसाव्या वर्षी त्याच्या चेहऱ्यावर पेन्शनीला आलेल्या हेडक्लार्कचे गांभीर्य होते.

१९८४ च्या दिवाळीच्या आधी आम्ही दोघे हॅनोव्हरजवळच्या एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी आलो. मी डोंबिवलीचा. सकाळी सात-बावीसच्या लोकलला लोंबकळण्याखेरीज प्रवासाचा दुसरा अनुभव नाही. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांची सुट्टी मिळते आहे असे कळल्यावर मी पॅरिस, व्हेनिस अशी पुस्तकात वाचलेली नावे घेऊ लागलो. बापूने ती ऐकून घेतली आणि इंटररेल पासाचे माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवले. ही योजना युरोपातल्या रेल्वेवाल्यांनी १९७२ साली काढली. सव्वीस वर्षांच्या आतल्या आणि सहा महिने युरोपात राहिलेल्या कुणीही एकदा पैसे भरायचे आणि महिनाभर दुसऱ्या वर्गाने वाट्टेल तिथे हिंडायचे.

"पास एकाच किमतीचा," बापू म्हणाला, "मग पॅरिसला जा की टोकाला जा. आता तूच सांग, शहाण्याने कुठे जावं?"

असे म्हणून त्याने नकाशावर बोट वर वर नेले. डेन्मार्क गेले, स्वीडन जाता जाईना, आणि शेवटी जिथे रेल्वेची काळी रेघ समुद्राला टेकून संपते तिथे ते थांबले. नार्विक. उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर दोनशेच्या वर किलोमीटर. पश्चिम युरोपात त्याहून उत्तरेला उतारूंची आगगाडी जात नाही. जात असती तर बापू तिथवर गेला असता. अशा रीतीने मध्यरात्रीचा सूर्य बघायला जाण्याचे आमचे कारण निसर्गप्रेमाचे नसून त्रैराशिकाचे होते.

निघण्याच्या आदल्या रात्री करार झाला. दोघांचे सगळे पैसे एकत्र करून बटव्यात घालायचे. बटवा बापूच्या गळ्यात. पास आणि पासपोर्ट दोघांचे माझ्याकडे. हिशेबाची वही बापूकडे, रेल्वेचे जाडे वेळापत्रक माझ्याकडे. स्टोव्ह त्याच्या हॅवरसॅकमध्ये, पातेले माझ्या. डबा फोडायचा आकडा एकच होता, तो त्याच्याकडे. "सगळे पैसे" या शब्दांना मी मान हलवली खरी, पण माझ्या बुटात पन्नास मार्कांची एक नोट घडी करून ठेवलेली होती. तेव्हा ती मला फसवणूक वाटली नाही. घरातल्या बाईने डाळीच्या डब्यात चार रुपये ठेवावेत तसे ते होते. पण ते नमूद करून ठेवतो, कारण पुढचे सगळे रामायण त्या नोटेमुळे झाले.

पहिलाच धक्का सुखाचा बसला. हॅम्बुर्गहून निघालेली गाडी पुटगार्डन नावाच्या ठिकाणी समुद्रावर आली आणि थांबायच्या ऐवजी हळूहळू पुढे निघाली. मी खिडकीतून बघतो तो शेजारी मालमोटारींची रांग आणि वर लोखंडी छत. आमची अख्खी आगगाडी बोटीच्या पोटात शिरली होती! देवमाशाच्या पोटात शिरलेल्या माणसाची गोष्ट ऐकली होती. पण त्याला निदान डब्यासकट गिळले नव्हते. मग सगळ्यांनी गाडीतून उतरून जिन्याने वर डेकवर जायचे, पाऊण-एक तास वारा खायचा, आणि रॉडबी दिसू लागले की पुन्हा खाली येऊन आपापल्या जागेवर बसायचे. मी तोंड उघडे टाकून हे बघत राहिलो. बापूने तेवढ्यात गणित घातले होते. "म्हणजे आपल्याला बोटीचं वेगळं तिकीट पडलंच नाही!" त्याच्या चेहऱ्यावर अशी प्रसन्नता मी नंतर फक्त त्याच्या लग्नात, हुंडा न घेताही आहेर बराच आला तेव्हा बघितली. आता ते कौतुक राहिलेले नाही. २०१९ च्या डिसेंबरात आगगाड्या बोटीत घालणे तिथे बंद झाले, आणि सध्या त्याच सामुद्रधुनीच्या तळाशी बोगद्याचे काम चालू आहे. बोगद्यातून जाणाऱ्या पोरांना वाराही खायला मिळणार नाही.

कोपनहेगनविषयी फार लिहीत नाही. तिथली ती जगप्रसिद्ध जलपरी बघायला आम्ही चालत चालत गेलो, कारण बस बटव्याला मंजूर नव्हती. १९१३ साली बसवलेला हा पुतळा उंचीला सव्वा मीटर. "एवढीशी?" बापू म्हणाला, "आमच्या राजवाड्यापुढचा दगडी हत्तीसुद्धा परवडला." आदल्याच वर्षी कुणीतरी तिचा हात कापून नेला होता आणि दोन दिवसांनी परत आणून दिला होता, ही हकिगत मात्र त्याला आवडली. परत केलेल्या कुठल्याही वस्तूविषयी त्याला आदर होता. दुपारी कार्ल्सबर्गचा बिअरचा कारखाना बघितला, कारण तेव्हा तो फुकट दाखवीत. शेवटी सगळ्यांना फुकट बिअरही देत. बापू न पिणारा. त्याने आपला वाटा मला दिला आणि वहीत लिहिले : "बिअर १, स्वतःची, मित्रास. किंमत शून्य."

स्वीडनच्या हद्दीत शिरल्यावर खरी काटकसर सुरू झाली. डेन्मार्कचा क्रोन, स्वीडनचा क्रोना, नॉर्वेचा पुन्हा क्रोन. भाव तिघांचे तीन, पण आम्ही सगळ्यांनाच सरसकट क्रोनर म्हणत होतो आणि सगळ्यांनाच सारखे घाबरत होतो. स्वीडिश क्रोना तेव्हा दीड रुपयाच्या आतबाहेर असे. बापू प्रत्येक वस्तूचे रुपये करी आणि मग त्या रुपयांत साताऱ्याला काय आले असते ते सांगे. एका केळ्यात तिथे अर्धा डझन अंडी, एका आइस्क्रीममध्ये अक्खा नारळ आणि वर कोथिंबीर. अशाने आइस्क्रीम घशाखाली उतरत नाही. बहुधा त्यासाठीच तो सांगत असावा.

मुक्कामाचा प्रश्न त्याने वेळापत्रकाने सोडवला होता. लॉजमध्ये झोपायला पैसे पडतात, रात्रीच्या गाडीत झोपायला पडत नाहीत. तेव्हा पुढचे गाव निवडताना तिथे काय बघण्यासारखे आहे हे न बघता तिथली गाडी सकाळी सातच्या पुढे पोहोचते की नाही, हे बघायचे. जी गावे पहाटे चारला येत त्यांचा इतिहास कितीही थोर असो, आमच्यापुरती ती नकाशावरून पुसली गेली.

स्टॉकहोमला मात्र रांगेत उभे राहून एका रात्रीपुरती दोन गाद्यांची सोय झाली, तीही जहाजात. आफ चॅपमन हे १८८८ साली बांधलेले तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज तिथे किनाऱ्याला बांधून ठेवलेले आहे आणि १९४९ पासून त्याचे युवकांसाठी वसतिगृह केलेले आहे. जहाज जाग्यावरून हलत नाही हे कळल्यावर बापूला हायसे वाटले. शेजारी एक न्यूझीलंडचा पोरगा रात्रभर घोरत होता. समुद्राचा आवाज म्हणून मी तोच ऐकला.

दुसऱ्या दिवशी वासा बघितली. १६२८ साली राजाने हौसेने बांधलेली ही युद्धनौका पहिल्याच सफरीला निघाली आणि बंदराच्या बाहेर पडायच्या आतच, पुरते दीड किलोमीटरही न जाता, वाऱ्याच्या एका झुळकेने कलंडून बुडाली. तीनशे तेहतीस वर्षांनी, १९६१ साली, ती वर काढली. आम्ही गेलो तेव्हा ती एका तात्पुरत्या शेडमध्ये होती. आताचे मोठे संग्रहालय १९९० चे. बापू तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मला वाटले, गहिवरला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काय लोक आहेत! बुडीत खातं वर काढून त्याच्यावर तिकीट लावलं!"

त्याच संध्याकाळी बाटल्यांचे प्रकरण झाले. स्वीडनमध्ये पेयाची बाटली घेतली की थोडी अनामत पडते आणि रिकामी बाटली दुकानात परत केली की ती मिळते. आदल्या वर्षापासून, म्हणजे १९८४ पासून, अॅल्युमिनियमच्या डब्यांनाही हाच नियम लागला होता. स्वीडिश तरुण मंडळी बागेत हिरवळीवर पडून बाटल्या रिकाम्या करीत होती आणि तिथेच सोडून उठत होती. बापूने हे दहा मिनिटे निरखले. मग हॅवरसॅकमधून पिशवी काढली आणि वेचायला लागला.

मी एका पुतळ्याच्या मागे गेलो. वाचकहो, मी मध्यमवर्गीय माणूस. आपल्या कुणी ओळखीचे बघेल ही भीती मला स्टॉकहोममध्येसुद्धा सुटली नव्हती. न जाणो, डोंबिवलीच्या जोशीकाकू त्याच वेळी त्या बागेत आल्या तर? एक अभियंता, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेला, बाकाखाली वाकून डबे काढतो आहे, आणि एक गोरे पोर आईला विचारते आहे की हा माणूस काय करतो! बापू परत आला तेव्हा मी त्याच्याशी बोललो नाही. "पाव सुटला," तो आनंदाने म्हणाला.

पाव म्हणजे क्नेकेब्रोड. आपली भाकरी चुलीवर विसरली आणि चार दिवसांनी आठवण झाली तर जी होईल ती वस्तू. स्वस्त, टिकाऊ, चावताना शेजारच्या डब्यातला माणूस जागा होईल इतकी कडक. तिच्यावर लावायला बापूने एक निळी ट्यूब शोधून काढली होती. तिच्यावर एका हसऱ्या सोनेरी केसांच्या मुलाचे चित्र. बापू पक्का शाकाहारी, अंडेसुद्धा न खाणारा. चीज असेल अशा समजुतीने त्याने ती घेतली आणि "खारट आहे, पण चव आहे हो!" असे म्हणत दोन दिवसांत निम्मी संपवली. ती कॉड माशाच्या अंड्यांची होती हे मला तिसऱ्या दिवशी गाडीतल्या एका सहप्रवाशाने सांगितले. मी ते पोटात ठेवले. सांगून उपयोग काय, माणूस जेवायचा थांबला असता आणि दुसरे काही विकत घ्यावे लागले असते. पाहा, बटव्याची संगत मलाही लागली होती.

आता ती जेवणगाडी. स्टॉकहोमहून नार्विक म्हणजे जवळजवळ एक अख्खा दिवस आणि रात्र. बाहेर झाडे. आधी झाडे, मग झाडे, मग तळे, आणि पुन्हा झाडे. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठेतरी ध्रुववृत्ताची पाटी गेली, बापूने घड्याळ बघून वेळ लिहून घेतली आणि खिडकीला डोके टेकून झोपला. माझ्या पोटात चार दिवसांची क्नेकेब्रोडे खडखडत होती. त्याच वेळी जेवणगाडीच्या दिशेने कुणीतरी दार उघडले आणि तळणीचा वास आला.

पुढचे मी फार सांगत नाही. बुटातली नोट मी स्टॉकहोमलाच मोडून ठेवली होती. गरम बटाटे, मांसाचे गोळे, वरून दाट रस्सा, बाजूला आंबटगोड लाल फळांचा मुरंबा आणि कॉफी. कॉफीचा दुसरा पेला फुकट. बेचाळीस क्रोनर. मी पंचेचाळीस मिनिटे राजा होतो. तृप्त होऊन, ओठ पुसून, चेहऱ्यावर भुकेची कळा आणीत मी डब्यात परतलो. बापू जागा होता. त्याच्या मांडीवर रुमाल, रुमालावर दोन तुकडे, त्यांवर ट्यूबमधले ते गुलाबी काहीतरी वळणदार पिळून लावलेले.

"दिसला नाहीस. म्हटलं संडासाला रांग असेल. माझं झालं खाऊन. हे तुझ्या वाटचे ठेवलेत."

मी ते खाल्ले. दोन्ही. पुढे आयुष्यात लग्नाच्या पंगतीत जिलब्यांच्या पैजा मी खाल्ल्या आहेत, पण त्या दोन तुकड्यांइतके जड अन्न माझ्या पोटात कधी गेलेले नाही.

नार्विक हे बंदर आहे ते किरुनाच्या लोखंडामुळे. स्वीडनच्या बाजूचा समुद्र हिवाळ्यात गोठतो, इकडचा उबदार प्रवाहामुळे गोठत नाही. म्हणून १९०२-०३ च्या सुमारास डोंगर फोडून इथवर रूळ आणले. आम्ही पोहोचलो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. संध्याकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आपले पुण्याच्या चार वाजल्यासारखे. गावाच्या पाठीशी डोंगर, आणि डोंगरावर साडेसहाशे मीटरपर्यंत जाणारा तारेवरचा पाळणा. मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर वर जायला हवे. बापूने पाळण्याच्या तिकिटाचा दर वाचला, वर बघितले आणि म्हणाला, "सिंहगडाएवढाच आहे."

तेव्हा सिंहगड चढलो. पाठीवर सगळ्या सामानासकट, कारण सामान ठेवायलाही पैसे पडत होते. डोक्यावरून पाळणे जात होते आणि त्यांतली माणसे आमच्याकडे बघून हात हलवीत होती. साडेअकराला वर पोहोचलो. खाली निळा फ्योर्ड, पलीकडे बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर आणि उत्तरेला क्षितिजावर तांबूस सूर्य. बुडायला आला आहे असे वाटावे आणि बुडू नये. कुणीतरी ऐनवेळी थांबवून "अहो, चहा घेऊन जा" म्हटल्यासारखा तो तिथेच रेंगाळत होता. मी खरोखर हरखलो. जन्मात असे बघायला मिळेल असे वाटले नव्हते.

"उद्याची बस किती वाजता रे? वेळापत्रक दे जरा."

मी सूर्यावरून नजर न काढता वेळापत्रक दिले. आणि त्यातून जेवणगाडीची पावती खाली पडली. मी ती खूण म्हणून घातली होती. अशा माणसाने गुन्हा करूच नये.

बापूने पावती उचलली. वाचली. तारीख बघितली. मध्यरात्रीच्या त्या लख्ख उन्हात त्याला ती चष्मा न लावताही वाचता आली. आपल्याकडे निदान कंदील कमी करता येतो, माणसाचा चेहरा अंधारात जातो.

"बेचाळीस," तो म्हणाला. मग बराच वेळाने, "मी तुला ते दोन तुकडे दिले तेव्हा..."

इथे मी नुसते "चुकलो" म्हणालो असतो तर हा लेख झाला नसता. पण चुकलेला माणूस आधी चिडतो. मी चार दिवसांचे सगळे बाहेर काढले. त्याची बस नको, त्याचे केळ्यांचे रुपये, पहाटेची गावे, पाळण्याचे तिकीट. मेल्यावर चितेची लाकडेसुद्धा तू वहीत मांडशील, म्हणालो. त्यानेही ऐकवले, तेही थोडेथोडके नव्हे. सातारी माणूस हळू बोलतो, पण नेम चुकत नाही. घरी भांडण झाले की कुणीतरी म्हणते, "झोपा आता, सकाळी बघू." अंधार पडतो, माणसे कूस बदलतात, निम्मे भांडण रात्रीच विझते. इथे रात्रच नव्हती. साडेबारा झाले, एक झाला, सूर्य जिथल्या तिथे, आणि आम्ही आपले भांडतोच आहोत, जसे काही दुपारचे.

"वाटणी करू," बापू म्हणाला.

तिथेच, खडकावर, सामान मांडले. भाऊबंदांची वाटणी मी गावाकडे बघितली होती, ती सोपी असते. तिथे निदान विहीर मध्ये असते. इथे पास माझ्याकडे, पैसे त्याच्याकडे. पैसे मोजून अर्धे केले. स्टोव्ह त्याला, तर पातेले मला. म्हणजे त्याने नुसती ज्योत खायची आणि मी कच्चे तांदूळ. वेळापत्रक मधोमध फाडले तर एकाला जायच्या गाड्या मिळणार आणि दुसऱ्याला यायच्या. डबा फोडायच्या आकड्यावर दोघांनीही हात ठेवला. अखेर निळी ट्यूब राहिली.

"ती तूच घे," मी म्हणालो, "माशांची अंडी आहेत ती! चार दिवस खातोयस!"

माझ्याकडे याहून मोठा दारूगोळा नव्हता. बापू शांतपणे म्हणाला, "माहीत आहे मला. स्टॉकहोमलाच कळलं. दुकानदाराने सांगितलं. पण पैसे देऊन झाले होते."

यावर खरे तर हसायला हवे होते. मी हसलो नाही. मला हरल्यासारखे झाले आणि मी ते बोललो, जे आज चाळीस वर्षे माझ्या मनात आहे. म्हणालो, "तू काय, बागेतला कचरा वेचून खाणारा माणूस. तुझ्याबरोबर चालायची मला लाज वाटते."

बापू काही बोलला नाही. त्याने वही उघडली, पाने मागे नेली आणि माझ्यापुढे धरली. "बाटल्यांचे सगळे मिळून एकोणीस क्रोनर आले," तो म्हणाला, "त्यातले साडेनऊ तुझ्या खात्यावर जमा आहेत. बघून घे."

मी बघितले. होते. माझ्या नावाखाली, त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. मी पुतळ्यामागे लपलो होतो त्या दिवसाच्या तारखेला.

मग दोघेही गप्प झालो. तोंड फिरवायचे तर कुठे फिरवणार, सगळीकडे ऊन. बापूने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. थोड्या अंतरावर एक नॉर्वेजियन आजी-आजोबा चादर अंथरून बसले होते. दोन काळी पोरे मध्यरात्री डोंगरावर पातेले, स्टोव्ह आणि तांदळाची पुडी मांडून एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत, याचा त्यांनी काय अर्थ लावला देव जाणे. बहुधा हा आमच्यातला एखादा सूर्याचा विधी असावा असे वाटले असेल. आजी उठल्या, थर्मास घेऊन आल्या आणि काही न विचारता दोघांच्या हातात कॉफी दिली. मग एक तपकिरी विटेसारखी वस्तू काढली आणि तिच्यावरून छोट्या रंध्यासारखे हत्यार फिरवून पातळ पापुद्रे काढले. तो रंधाच होता म्हणायला हरकत नाही. १९२५ साली थोर ब्योर्कलुंड नावाच्या तिथल्या एका सुतारानेच आपल्या रंध्यावरून तो काढला. पापुद्रे पावावर घालून त्यांनी आमच्यापुढे केले. "ब्रूनोस्ट," त्या म्हणाल्या. तपकिरी चीज.

मी घास घेतला. बापूने घास घेतला. आणि पाठीला पाठ लावून बसलेले आम्ही दोघेही एकाच क्षणी वळलो.

"कंदी पेढा!"

शपथेवर सांगतो, तीच चव. थोडी खारट, थोडी शेळीच्या वासाची, पण कढईच्या तळाला लागून लाल झालेल्या खव्याची. पुढे मी माहिती काढली. चीज करून उरलेले पाणी, त्यात दूध-साय घालून, तासन् तास आटवतात, त्यातली साखर करपून तपकिरी होते. साताऱ्याचे हलवाई दुधाचे दुसरे काय करतात? बापू घर सोडून नऊ महिने झाले होते. त्याने दुसरा घास घेतला आणि मग त्याला चष्मा पुसून काही उपयोग नाही असे दिसले. आजींनी माझ्याकडे बघितले. मी इंग्रजीत सांगितले, "हिज टाउन." त्यांना काय कळले ठाऊक नाही. त्यांनी त्याला आणखी चार पापुद्रे काढून दिले.

"मी ते बोलायला नको होतं," मी म्हणालो.

"नको होतं," बापू म्हणाला. "पण मांसाचे गोळे कसे होते?"

वाटणी रद्द झाली नाही, तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी नार्विकहून बसने निघालो तेव्हाही फार बोलत नव्हतो. वाटेत टिसफ्योर्ड आडवा येतो, तो बसने बोटीत बसून ओलांडायचा. त्या बोटीवर बापूने दोन मिनिटे खर्चून बटवा सोडला आणि न मागता दोन कॉफ्या आणल्या. नॉर्वेच्या त्या प्रवासातले पुढचे फ्योर्ड, बर्गनचा पाऊस, आणि वीस किलोमीटरमध्ये साडेआठशेच्या वर मीटर उतरणारी फ्लोमची रेल्वे, जिच्यापुढे आपला खंडाळ्याचा घाट बालवाडीतला वाटतो, हे सगळे सुंदर होते, आणि सुंदर गोष्टींचे वर्णन करणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. आम्हाला तिथे प्रत्येक गावात ब्रूनोस्टची वीट किती क्रोनरला मिळते ते पाठ झाले होते.

हॅनोव्हरला आल्यावर हिशेब झाला. पैशाला पैसा जुळला. फक्त एक रक्कम उरली. तिच्यापुढे बापूने लिहिले होते : "जेवणगाडी, एकाचे. रु. नव्हे, क्रो. ४२. दुसऱ्याचे येणे." मी लगेच देऊ केले. त्याने घेतले नाहीत. "असू देत, बाकी राहू दे," म्हणाला.

बापू आता निवृत्त होऊन साताऱ्याला असतो. वर्षातून एकदा तरी मी जातो. संध्याकाळी आम्ही मोती चौकात जातो, तो पाव किलो कंदी पेढे बांधून घेतो आणि गळ्यातल्या बटव्याला हातसुद्धा न लावता माझ्याकडे बघतो. मी पैसे देतो. घरी आल्यावर ती जुनी वही निघते, पेढ्यांचे क्रोनर केले जातात, तेही १९८५ च्या भावाने, आणि तेवढी रक्कम वळती होते. वहिनींना हा प्रकार मंजूर नाही. त्या म्हणतात, एकदाचे मिटवून टाका की.

गेल्या दिवाळीत मी विचारले, "किती राहिले रे?"

त्याने चष्मा लावून बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि म्हणाला, "अठरा. पण घाई करू नकोस. पेढे हल्ली महाग झालेत, एकदम फिटून जाईल."